अर्ध्या गुणाचा न्याय

२०२५च्या नोव्हेंबरात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि जगभरातले दोनशेहून अधिक खेळाडू गोव्यात पट मांडून बसले. अंतिम सामन्यात उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव आणि चीनचा वेई यी यांचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे संथ, डाव बरोबरीत सुटले. चषक कोणाचा, हे जलद डावांच्या टायब्रेकरवर ठरले. आपला अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडला तोही टायब्रेकरवरच. तेव्हापासून पणजीत, फोंड्यात, मडगावात, जिथे म्हणून चार बुद्धिबळप्रेमी जमतात तिथे एक वाद रंगतो आहे. एक पक्ष म्हणतो, संथ डावांत बरोबरी झाली तर ती बरोबरीच. घाईच्या डावांवर एवढा मोठा निकाल लावणे हा अन्याय. दुसरा पक्ष म्हणतो, मग गो या खेळात करतात तसे करा, एका बाजूला आधीच थोडे गुण देऊन टाका, त्यात अर्धा ठेवा, बरोबरीचा प्रश्नच मिटला. यावर पहिला पक्ष उसळून म्हणतो, गोचे नाव काढू नका, त्या खेळात तर चार-पाच तास झुंजलेला माणूस पटावर कुठेही नसलेल्या अर्ध्या गुणाने हरतो. याला काय न्याय म्हणायचे?

मी अनेक वर्षे दोन्ही खेळ खेळते आणि मुलांना शिकवते. हा वाद ज्या रीतीने चालला आहे तो ऐकून मला मनापासून वाईट वाटते, कारण दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरून बसले आहेत. खेळ आधी होतो आणि नियम मागाहून येऊन निकाल लावतो, असे त्यांना वाटते. जणू पटावर एक खरा, निखळ निकाल असतोच, आणि मोजण्याची रीत, कोमी (गोमध्ये एका बाजूला आधीच दिलेले ते गुण), टायब्रेकर ही सगळी त्याला वरून चिकटवलेली ठिगळे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. दोघांनाही नियम पहिल्या चालीआधी ठाऊक असेल, तर ‘नियमामुळे अर्ध्या गुणाने डाव गेला’ ही तक्रार उभीच राहत नाही. तो नियम शेवटी लागू झालेला नसतो; पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीत तो खेळला गेलेला असतो. तक्रारीला जागा आहे, भरपूर आहे, पण ती फरक किती लहान होता याबद्दल नव्हे. नियम कोणी केला, कधी केला, दोघांना सारखाच लागतो का, आणि खेळाडू ज्यासाठी जिवाचे रान करतात तीच गोष्ट तो मोजतो का? हे विचारायचे सोडून आपण अर्ध्या गुणावर राग काढत बसलो आहोत.

ज्यांनी गो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघांचा पट, त्यावर ३६१ छेद. काळा आणि पांढरा आळीपाळीने छेदांवर खडे ठेवतात. ठेवलेला खडा हलत नाही. चहूबाजूंनी कोंडला गेला तर उचलला जातो आणि कैदी होतो. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. पहिली चाल काळ्याची, आणि रिकाम्या पटावरची पहिली चाल ही मोठी मिळकत असते. तिची भरपाई म्हणून पांढऱ्याला आधीच जे गुण मिळतात ती कोमी. आज जपान आणि कोरियात कोमी साडेसहा आहे, चीनमध्ये साडेसात. मोजण्याच्या रीतीही दोन आहेत. जपानी रीतीत वेढलेले रिकामे छेद धरतात आणि गमावलेले कैदी त्यातून वजा होतात. चिनी रीतीत वेढलेले छेद अधिक पटावर जिवंत राहिलेले आपले खडे अशी बेरीज होते. कैद्यांना तिथे किंमत नाही.

एकाच पटाचे दोन रीतींनी दोन निकाल लागू शकतात, हा आक्षेप घेणाऱ्यांचा आवडता मुद्दा, आणि तो खोटा नाही. मध्यंतरी फोंड्यात एका घराच्या सोप्यावर दोन मुलांचा डाव मी शेवटपर्यंत पाहिला. प्लायवूडवर बॉलपेनने रेघा मारून केलेला पट, काचेचे खडे, आणि चाली टिपायला बाजूला मोबाइल. सगळ्या हद्दी बंद झाल्या. मधले कोणाचेच नसलेले छेद दोघांनी एकेक करून भरले आणि त्यातला शेवटचा, डाव्या काठाजवळचा, काळ्याच्या वाट्याला आला. मग जपानी रीतीने कैदी एकमेकांच्या जागेत भरून, खडे सरकवून, दहा-दहाचे चौकोन जुळवून मोजणी झाली. काळा ६८, पांढरा ६२. सहाने पुढे असलेला काळा साडेसहाच्या कोमीमुळे अर्ध्या गुणाने हरला. त्याने लगेच मोबाइल उचलला आणि तोच डाव चिनी रीतीने मोजायला लावला. काळा १८४, पांढरा १७७, फरक सात. ‘सातातून साडेसहा गेले, म्हणजे मी जिंकलो!’ समोरचा मुलगा खडे डब्यात भरता भरता म्हणाला, ‘मोजणी चिनी घेतोस तर कोमीपण चिनीच घे ना. साडेसात.’ काळा पुन्हा अर्ध्या गुणानेच हरला.

मोठ्या माणसांच्या या वादात जे कोणी बोलत नाही ते त्या मुलाने एका वाक्यात सांगितले. मोजण्याची रीत आणि कोमी ही जोडी आहे; एकीकडची रीत आणि दुसरीकडची कोमी घेऊन कोणी निकाल मागू लागला तर तो न्याय मागत नाही, आपल्या सोयीचा हिशेब मागतो. शेवटचा तो कोणाचाच नसलेला छेद जपानी रीतीत फुकट जातो आणि चिनी रीतीत एक गुण देतो. म्हणून चिनी मोजणीत काळ्याची आघाडी बरेचदा एकाने जास्त भरते, आणि चिनी कोमीही एकाने जास्त आहे. यात आणखी एक बारकावा आहे. ३६१ हा विषम आकडा. चिनी रीतीत सहसा पटावरचा प्रत्येक छेद कोणाच्या तरी खात्यात जातो, त्यामुळे दोघांतला फरक जवळपास नेहमी विषमच येतो: पाच, सात, नऊ. कोमी साडेपाच असो की साडेसहा, काळ्याला सातचाच फरक लागणार. साडेपाचावरून साडेसहावर गेल्याने चीनमध्ये निकाल जवळपास कुठेच बदलला नसता; म्हणून चीन या शतकाच्या सुरुवातीला साडेपाचावरून थेट साडेसातवर गेला. जपान मात्र त्याच सुमारास साडेपाचावरून साडेसहावर आला, कारण तिथल्या मोजणीत सहाचा फरक पडू शकतो. हे आकडे कोणी मनाला येईल तसे लिहिलेले नाहीत. हजारो डावांत काळ्याचे पारडे जड दिसू लागले, आणि आपापल्या मोजणीच्या रीतीला कोणता आकडा झेपतो ते पाहून ते बदलले गेले.

आता प्रसिद्ध उदाहरण घेऊ. मे २०१७मध्ये चीनमधल्या वुझेन गावात जगातला अव्वल खेळाडू के जिये आणि अल्फागो हा संगणकी प्रोग्रॅम यांचा सामना झाला. पहिल्या डावात के जियेकडे काळे खडे होते आणि तो अर्ध्या गुणाने हरला. चिनी हिशेबात काळ्याला १८५ लागतात, त्याचे १८४ भरले. तेव्हा अनेकांनी लिहिले की कोमी साडेसहा असती तर माणूस जिंकला असता. पट तोच ठेवून आकडेमोड केली तर ते बरोबर आहे. पण पट तोच राहिला असता का? अल्फागो मोठ्या फरकाने जिंकायला खेळतच नव्हता. जिंकण्याची शक्यता जास्तीत जास्त करायला खेळत होता. पुढे असताना तो हातातले दोन गुण सोडून देई, पण धोका घेत नसे. साडेसातच्या कोमीत त्याला अर्धा गुण पुरत होता, म्हणून त्याने अर्धाच ठेवला. कोमी साडेसहा असती तर त्याने ते गुण सोडले असते का? शेवटी जो अर्धा गुण दिसला तो दोघे किती तुल्यबळ होते याचे मापच नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते नियमाने निकाल फिरवला. आत खेळणाऱ्याने तो आकडा शंभर चालींपूर्वीच हिशेबात घेतलेला असतो.

गोव्यात राहून या प्रश्नावर लिहिताना १६ जानेवारी १९६७ची आठवण टाळता येत नाही, आणि टाळूही नये. जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा संघप्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. माझ्या घरची माणसे फुलावर शिक्का मारणारी होती, आणि त्या निकालाची खंत आमच्याकडे दोन पिढ्या बोलली गेली. पण खंतीच्या पोटातला मुद्दा कोणी नीट मांडत नाही. १९६३च्या निवडणुकीनंतर सरकार मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, होते आणि विधानसभेत विलीनीकरणाच्या बाजूने बहुमत होते. तसा ठरावही झाला होता. म्हणजे आमदारांची डोकी मोजली की निकाल एक, आणि मतदारांची डोकी मोजली की दुसरा. माणसे तीच, प्रश्न तोच. याहून चांगले उदाहरण दोन मोजण्यांचे कुठे मिळणार? खरा झगडा झाला तो या मोजणीवरच, आणि तो कौलाच्या आधी झाला. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स या विलीनीकरणविरोधी पक्षाने थेट लोकांचे मत घ्या म्हणून रान उठवले, संसदेने तसा कायदा केला, आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या ही मागणी झाली, तीही आधीच फेटाळली गेली. कोणाला कुठला निर्णय पटला, कोणाला नाही. पण मतपेटी उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना मोजणी ठाऊक होती, आणि दोन्ही बाजूंनी प्रचार त्या मोजणीसाठीच केला. म्हणून हरलेल्या बाजूने निकाल मानला, आणि त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत लोकांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवले. मतपेट्या उघडल्यानंतर जर कोणी म्हणाले असते की आता आमदार मोजू, तर गोव्याचे काय झाले असते?

मग आक्षेप घेणारा म्हणतो, ठीक आहे, पण कोमी वारंवार बदलली ना? जपानात साडेचार होती, साडेपाच झाली, साडेसहा झाली. मग साडेचारच्या काळात पांढऱ्याने हरलेले डाव अन्यायाचे नव्हेत का? आणि त्याआधी तर कोमी नव्हतीच. हा प्रश्न वजनदार आहे. जपानात शोगुनच्या वाड्यात होणाऱ्या डावांत होनिन्बो शुसाकूने १८४९ ते १८६१ या काळात सलग १९ विजय मिळवले, आणि कोमी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. पण त्या काळी एका डावावर कोणाची पारख होत नसे. कमी दर्जाच्या खेळाडूला काळे खडे जास्त वेळा मिळत. बरोबरीच्या खेळाडूंत रंग आळीपाळीने बदलत, आणि दहा-दहा डावांच्या मालिका चालत. चार डावांची आघाडी झाली की हरणाऱ्याचा दर्जा खाली येई आणि पुढच्या डावांत त्याला काळे खडे अधिक मिळत. पहिल्या चालीचा फायदा पटावर नव्हे, मालिकेत फेडला जाई. पुढे वर्तमानपत्रांनी पैसे घालून बाद फेरीच्या स्पर्धा सुरू केल्या, एका डावात एकाला घरी पाठवणे भाग पडले, आणि मग तो फायदा त्याच डावात फेडायची गरज निर्माण झाली. स्पर्धेची रीत बदलली म्हणून कोमी आली. ती आली तसा खेळही बदलला. कोमी नसताना काळ्याने सावध, घट्ट खेळावे आणि पहिल्या चालीची शिदोरी शेवटपर्यंत जपावी हे शहाणपण होते. शुसाकूच्या नावाने ओळखली जाणारी कोपऱ्यातली तिरकी चाल त्या शहाणपणाचा कळस. कोमी वाढली तशी ती चाल संथ ठरली, अनेक दशके मागे पडली, आणि आता संगणकांनीच ती पुन्हा मानाने पटावर आणली आहे. साडेचारच्या काळातला पांढरा साडेचार धरूनच खेळत होता. त्याचा डाव आजच्या कोमीने मोजणे म्हणजे त्याने कधीच न खेळलेला डाव मोजणे.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तो अर्ध्याबद्दलचाच आहे. आजचे ताकदवान प्रोग्रॅम चिनी मोजणीत समतोलाचा आकडा सात मानतात. ते खरे असेल तर साडेसात पांढऱ्याला किंचित झुकते आणि साडेसहा काळ्याला. अर्धा कुठेही ठेवा, तो कोणाच्या तरी पदरात पडणारच. दोघेही निर्दोष खेळले तर बरोबरी होणे हाच त्या पटाचा खरा निकाल असेल आणि आपण तो नाकारत असू, तर ते मला खटकते. न्यूझीलंडच्या नियमांत कोमी पूर्ण सात आहे आणि बरोबरी झाली तर ती बरोबरी म्हणून मान्य होते. साखळी स्पर्धांत हेच व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे विजेता काढण्याची गरज नाही तिथे अर्धा गुण कशाला हवा? पण बाद फेरीत एकाला पुढे जायचेच आहे. तिथे अर्धा नको म्हणणाऱ्याने पर्याय सांगावा. आपल्या निवडणूक कायद्याने समान मतांवर चिठ्ठी टाकायची तरतूद केली आहे. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागाचा नगरसेवक अशा चिठ्ठीने ठरला. चिठ्ठीपेक्षा अर्धा गुण शतपटीने बरा, कारण चिठ्ठीविरुद्ध कोणी खेळू शकत नाही. आणि अर्धा कोणाच्या पदरात पडावा याचा वाद मिटवायची सोपी वाट आहे: फणसाचे वाटे करताना एका भावाने कापायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, तसे एका खेळाडूने कोमीचा आकडा सांगायचा आणि दुसऱ्याने रंग निवडायचा. आकडा सांगणारा आपोआपच प्रामाणिक होतो.

तर मग नियम आधी माहीत असला की झाले, एवढेच माझे म्हणणे आहे का? नाही. एवढ्यावर थांबले तर मला शूसाईचा डाव योग्य म्हणावा लागेल. १९३३च्या ऑक्टोबरात होनिन्बो शूसाई आणि तरुण गो सेइगेन यांचा डाव सुरू झाला आणि १९३४च्या जानेवारीत संपला. पांढरे खडे घेतलेल्या ज्येष्ठ खेळाडूला, आपली चाल असताना, हवा तेव्हा डाव थांबवण्याचा मान होता. शूसाईने तो पुन्हा पुन्हा वापरला. डाव थांबला की ज्येष्ठाच्या घरी शिष्यांचा मेळा तोच पट मांडून बसू शके. तरुणाची मदार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. शूसाई दोन गुणांनी जिंकला. नियम गो सेइगेनला आधी माहीत होता. तरी तो नियम वाईट, कारण तो एकालाच लागत होता. १९३८मध्ये शूसाईच्या निवृत्तीच्या डावात किटानी मिनोरूविरुद्ध मोहोरबंद चालीची, म्हणजे डाव थांबवताना पुढची चाल गुपचूप लिहून पाकिटात बंद करण्याची, पद्धत आली आणि ती विषमता संपली. २०१९च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. दोन्ही संघांच्या २४१ धावा, सुपर ओव्हरमध्येही १५-१५, आणि चौकार-षटकार २६ विरुद्ध १७ म्हणून इंग्लंड विजेता. तो नियम छापील होता, दोन्ही संघांना सारखा होता. पण पन्नास षटके कोणता फलंदाज चौकारांची संख्या वाढवायला खेळत होता? दोघे धावांसाठी झगडले आणि मोजले ते भलतेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो नियम काढावा लागला, आणि ते योग्यच झाले.

गोच्या जगातली सर्वांत ताजी जखम याच जातीची आहे. कोरियात मोजणी जपानी पद्धतीची, तिथे कैद्यांना किंमत असते. समोरच्याला आपले किती खडे गेले ते दिसले पाहिजे म्हणून कैदी डब्याच्या झाकणात ठेवायचा रिवाज आहे. चिनी खेळाडूला ती सवय नसते, कारण त्याच्या मोजणीत कैदी कुठेच येत नाहीत. २०२४च्या अखेरीस कोरियन संघटनेने या रिवाजाला शिक्षेची जोड दिली: चूक झाली की इशारा आणि दोन गुण वजा, दोन इशारे झाले की डाव गेला. जानेवारी २०२५मध्ये एलजी चषकाच्या अंतिम सामन्यात के जियेने पहिला डाव जिंकला, दुसरा अशा दोन इशाऱ्यांवर गमावला, आणि तिसऱ्यात पंचांनी डाव मध्येच थांबवून इशारा दिल्यावर त्याने पुढे खेळायला नकार दिला. चषक ब्यन सांगिलला मिळाला. झाकणाचा रिवाज मला पटतो. कैदी लपले तर समोरच्याचा हिशेब चुकतो. पण अटीतटीचे डाव जिथे अर्ध्या गुणावर लागतात तिथे खडा कुठे ठेवला यासाठी दोन गुण कापणे म्हणजे चार अर्ध्या गुणांची कुऱ्हाड. ती जागेच्या झगड्यात कोणी कमावलेली नसते आणि कोणी चालीने परतवूही शकत नाही. इशारे साठून डाव जाण्याची तरतूद त्या संघटनेला काही आठवड्यांतच काढावी लागली. कोमीवर तुटून पडणाऱ्यांनी आपला राग खरे तर इथे वळवायला हवा होता. अर्ध्या गुणाने कोणाचा चषक गेला की जग हळहळते, आणि दोन गुण शिस्तीच्या नावाखाली उडाले की नियम तो नियम म्हणून मान डोलावते. हे उफराटे आहे.

आता हडफड्याकडे येते. जलद डावांचा टायब्रेकर सर्वांना आधी माहीत होता, दोघांना सारखा होता, आणि बुद्धिबळच मोजत होता. या तिन्ही कसोट्यांवर तो उतरतो, म्हणून सिंदारोवच्या चषकाला बोट लावायचे कारण नाही. तरी तक्रार करणाऱ्यांच्या बोलण्यात एक खरी कळ आहे, ती त्यांना नीट सांगता येत नाही एवढेच. टायब्रेकर नंतर असतो म्हणून तो आधीच्या डावांत शिरतो. जो जलद डावांत तरबेज आहे त्याला क्लासिकल डाव बरोबरीत सोडवणे परवडते. पांढऱ्या सोंगट्या घेऊनही तो सोंगट्यांची अदलाबदल करत बसतो. प्रेक्षकाला कंटाळवाणी बरोबरी दिसते, आणि दोष टायब्रेकरला लागतो. यावर उपाय आहे आणि तो गोच्या कोमीतूनच निघतो: टायब्रेकर आधी खेळवा. सामन्याच्या पहिल्या सत्रात जलद डाव होऊ द्या. त्यात जो जिंकेल त्याला पुढच्या क्लासिकल डावांत बरोबरी पुरेल. दुसऱ्याला जिंकावेच लागेल. म्हणजे अर्धा गुण पटावर पहिल्या चालीपासून असेल, दोघांना दिसेल, आणि एक जण तरी जिंकायला खेळेल. कोमी याहून वेगळी काय आहे? यावर कोणी म्हणेल की मग बरोबरी पुरणारा खेळाडू भिंत बांधून बसेल. बसू दे. भिंत बांधणे आणि ती फोडणे हाही खेळच आहे. कोमी नसलेल्या काळात पांढऱ्याने तीच भिंत फोडत शतके काढली.

विश्वचषकाचे नियम गोव्यात ठरत नाहीत. पण आपल्या तालुक्यांत, शाळांच्या सभागृहांत दर महिन्याला होणाऱ्या स्विस स्पर्धांचे (कोणी बाद होत नाही, दर फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ पडते) नियम आपण ठरवतो, आणि खरा अन्याय तिथे चालू आहे. नऊ फेऱ्या, आठ-आठ वर्षांची मुले, आणि साडेसात गुणांवर पाच जण बरोबरीत. मग बुखोल्झ लावतात, म्हणजे ज्यांच्याशी तुम्ही खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. पहिल्या फेरीत ज्याच्याशी गाठ पडली तो मुलगा ताप आला म्हणून दुपारी घरी गेला की तुमची बेरीज घसरते, आणि दुसऱ्या क्रमांकाची ढाल पाचव्या क्रमांकाचे पदक होते. एका स्पर्धेत माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीचे असेच झाले. तिच्या वडिलांनी विचारले तेव्हा आयोजकांनी टायब्रेकचा क्रम बक्षीस समारंभाच्या वेळी सांगितला. मला मान्य आहे की दीडशे मुलांच्या स्पर्धेत जादा फेऱ्या खेळवायला ना वेळ असतो ना पंच, आणि ढाल एकालाच द्यावी लागते. पण बुखोल्झच्या बाजूने एकही चाल कोणाला खेळता येत नाही. जी गोष्ट मुलाच्या हातात नाही तिच्यावर त्याचे बक्षीस ठरवायचे असेल, तर निदान त्याचा आपसातल्या डावाचा निकाल आधी पाहा, मग काळ्या सोंगट्यांनी किती डाव जिंकले ते पाहा, आणि बुखोल्झ अगदी शेवटी ठेवा. रोख बक्षीस सारखे वाटून टाका. ढालीसाठीच क्रम लावा. आणि तो क्रम प्रवेशअर्जाच्या कागदावर, फीच्या आकड्याच्या खालीच छापा, म्हणजे मूल पहिली चाल खेळण्याआधी तो वाचेल. येत्या मोसमाची माहितीपत्रके आता तयार होत आहेत. ज्यांच्या हातात ती आहेत त्यांनी यावर्षी ही एक ओळ घालावी, आणि पालकांनी ती दिसली नाही तर फी भरण्याआधी विचारावी.